आरसा भिंतीकडे होता

बाई, आज तुमचं फडकं धुतलं. साबण नाही लावला. कोमट पाण्यात बुडवलं, पिळलं नाही, दोन तळव्यांत दाबून पाणी काढलं आणि स्वयंपाकघरात टॉवेलवर पसरून ठेवलंय. बाहेर वाळत घालायचं नाही, धूळ बसते, असं तुम्ही बजावलं होतं. इथे अमेरिकेत, फ्रिस्कोत, कपडे बाहेर वाळत घातले तर कॉलनीच्या कमिटीची नोटीस येते, त्यामुळे तुमचा तो नियम आपोआपच पाळला जातो. तुमच्या वडिलांच्या धोतराचं हे फडकं. मी कॉलेजला कोल्हापूरला निघाले तेव्हा तुम्ही ते चौकोनी कापून, कडांना बारीक टीप घालून, वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिलंत. घरी गेल्यावर आई म्हणाली होती, "बाईंनी तुला चिंधी दिली की गं!" खरं सांगायचं तर मलाही थोडंसं तसंच वाटलं होतं. आता ते इतकं विरलंय की धुताना हात जपून चालवावा लागतो. भिंग पुसायला शाळा एक खास कागद देते. तो मी मुलांना वापरायला लावते, आणि माझ्या टेबलावरच्या मायक्रोस्कोपसाठी गुपचूप हे फडकं काढते.

आपण शेवटचं भेटलो तेव्हा मी अमेरिकेत नवीन होते. नवऱ्याच्या नोकरीमागून आलेली, कडेवर मूल, आणि दिवसभर काय करायचं याचा पत्ता नाही. मीही शिक्षिका झाले हे तुम्हाला कळलंच नाही. लेक शाळेत जायला लागली तशी मी इथल्या परीक्षा दिल्या आणि हायस्कुलात बायॉलॉजी शिकवायला लागले. माझ्या वर्गात भिंतीला लागून एक लांब कपाट आहे, त्यात ओळीने मायक्रोस्कोप. प्रत्येकावर कव्हर, वायर नीट गुंडाळलेली, सगळ्यात लहान भिंग खाली, काचपट्टी ठेवायचा मंच पूर्ण उतरवलेला. शाळा सुटली की कपाट बंद करायच्या आधी मी सगळ्यांवरून एकदा नजर फिरवते, असं आत्ता लिहिणार होते. फिरवायचे. आता मी बोट फिरवते. भिंगाच्या काचेला नाही, वरच्या धातूच्या नळीला. आखूड लागली तर बरोबर, लांब लागली तर कुणीतरी आळशी मोठं भिंग तसंच ठेवून गेलंय.

बाई, माझे डोळे चाललेत. हे वाक्य मी अजून कुणाला असं सरळ म्हटलेलं नाही. डॉक्टरांना म्हणते "थोडं धूसर दिसतं". नवऱ्याला आधी म्हणायचे "चष्म्याचा नंबर वाढलाय बहुतेक", मग त्यांना डॉक्टरांकडूनच कळलं. उजवा आधी गेला, आता डावा त्याच वाटेवर आहे. डोळ्याच्या पडद्याचा अगदी मधला भाग झिजत जातो म्हणे. म्हातारपणी होतं, मला जरा घाईच झाली. कडेकडेचं सगळं शाबूत असतं, आणि जिकडे बघावं नेमकं तेच पुसलं जातं. ओट्याशी उभी असते तेव्हा पातेलं दिसतं, चिमटा दिसतो, खिडकीतली शेजाऱ्याची गाडीसुद्धा दिसते, आणि दूध उतू चाललेलं दिसत नाही. डॉक्टरांनी बारीक चौकटींचा एक कागद दिलाय, तो फ्रिजवर लावलाय. रोज सकाळी एक डोळा झाकून त्याच्याकडे बघायचं आणि रेषा वाकड्या दिसतात का ते तपासायचं. तुम्ही आम्हाला एक डोळा कधी मिटू दिला नाहीत. नळीला एक डोळा लावायचा आणि दुसरा उघडाच ठेवायचा, मिटलात तर चेहरा आखडतो आणि पाच मिनिटांत डोकं चढतं, असं म्हणायचात. आता मी फ्रिजसमोर एकेक डोळा झाकून उभी राहते आणि रेषा वाकतात. गोळ्या आहेत, पालक खा म्हणतात, पुढे लागली तर डोळ्यात इंजेक्शनं आहेत. म्हणजे वेग कमी करता येईल. गेलेलं परत आणायचं औषध नाही.

घरात मात्र उपायांना तोटा नाही. आमचे हे प्लेनोच्या एका मोठ्या कंपनीत इंजिनिअर आहेत, आणि इंजिनिअर माणसाला अडचण सांगितली की तो खरेदीला निघतो. आता आमच्याकडे जागोजागी दिवे आहेत, गणपतीच्या आरासीत असावेत तसे. बोलणारं घड्याळ आहे. वाणसामानाच्या डब्यांवर हाताला लागतील असे रबराचे ठिपके चिकटवलेत. मी मुगाच्या जागी मटकी भिजत घातली की ते म्हणतात, "अगं, ठिपके मोजले नाहीस का?" सकाळी मला शाळेत सोडतात, कारण हायवेवर गाडी चालवणं मी बंद केलंय. माझी तिकडे मीटिंग आहे, माझी इकडे मीटिंग आहे, असं करत ते संध्याकाळी कसेबसे न्यायला येतात. लेक मिशिगनमध्ये ॲन आर्बरला शिकते. तिला थोडंसं सांगितलं तर व्हिडिओवर म्हणाली, "आई, जस्ट टेल द स्कूल यार. दे हॅव टू हेल्प यू. इट्स द लॉ." तिचं चुकत नाही. शाळा कॅमेरा देईल, पडदा देईल, मदतनीससुद्धा देईल. पण मी कॅमेऱ्यातलं चित्र पडद्यावर बघणारी बाई झाले तर मुलांना नळीला डोळा लावायला कोण शिकवेल, हे तिला कसं सांगू? मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, "यू ऑलवेज से बघू."

परवापासून तुमची आठवण पाठ सोडत नाहीये. परवा वर्गात जे झालं ते सांगायचंच आहे, पण आधी मागचं सांगते, नाहीतर तुम्हाला त्याचा अर्थ लागायचा नाही. निदान मला तो मागच्या गोष्टींमुळेच लागला.

आपल्या कणकवलीच्या शाळेत एकच मायक्रोस्कोप होता. काळा, पितळी नळीचा, खाली गोल आरसा. प्रयोगशाळेच्या उत्तरेच्या खिडकीशी तो असायचा, कारण तिथे ऊन कधी थेट येत नाही. तुम्ही पहिल्या दिवशी आम्हाला बघायला दिलंच नाहीत. नुसता उचलायला शिकवलंत. एक हात मानेला, एक तळाखाली, पोटाशी धरून, बाळंतिणीकडून बाळ घ्यावं तसा. मग ठेवायला शिकवलंत. मग आरसा आभाळाकडे फिरवायला. सूर्याकडे फिरवाल तर डोळा जाईल, म्हणालात. मग भिंगांची चकती फिरवून प्रत्येक भिंग जागी बसताना टक् असा आवाज येतो तो ऐकायला. "बघू नका, ऐका," असं तुम्ही म्हणायचात आणि आम्ही माना वाकड्या करून ऐकायचो. काचपट्टी ठेवली की भिंग खाली आणताना नळीतून बघायचं नाही, बाजूला वाकून काच आणि भिंग यांच्यातली फट बघायची, मग नळीला डोळा लावून भिंग वर वर न्यायचं. उलटं केलं की काचपट्टी फुटली, आणि भिंगाला चरा गेला तर नवं भिंग मुंबईहून यायचं. हे सगळं मी आजही त्याच क्रमाने शिकवते. माझे मायक्रोस्कोप नवे आहेत, आरशाच्या जागी दिवा आहे, मंच ठरावीक जागी आपोआप थांबतो, तरीही. मुलं म्हणतात, "मिस, इट स्टॉप्स बाय इटसेल्फ." मी म्हणते, तरी बाजूला वाकून बघ.

आणि तुम्ही आमच्या मायक्रोस्कोपात कधी डोकावायचा नाहीत. दुसऱ्या तुकडीच्या सरांकडे मुलं "सर, आलं का?" विचारायची आणि सर वाकून बघून "आलं" किंवा "नाही आलं" म्हणायचे. तुमच्याकडे ही सोय नव्हती. "मला काय विचारतेस? तुझा डोळा आहे ना तिथे? बोल. काय दिसतंय?" मी म्हटलं, कांद्याच्या पेशी. "पेशी हा शब्द पुस्तकातला. दिसतंय काय?" मग मी सांगायची, विटांसारखं आहे, पण विटा लांबट आहेत, भिंती दुहेरी वाटतात, प्रत्येकीत एका कडेला पिवळा ठिपका आहे. तुम्ही माझ्या खांद्याच्या पलीकडे कुठेतरी बघत ऐकायचात. "ठिपका सगळ्यांत एकाच कडेला आहे का?" नाही. "मग नीट बघ आणि नीट सांग." कधी तुम्हीच मुद्दाम काहीतरी चुकीचं ठेवायचात, काचपट्टी उलटी किंवा चकती दोन भिंगांच्या मध्ये अडकलेली, आणि कुणी ते ओळखलं की म्हणायचात, "शाबास, बघत होते तुमचं लक्ष आहे का." आम्हाला ती गंमत वाटायची. कोण आधी पकडतंय याची चढाओढ लागायची.

तुमच्या नजरेची मात्र सगळी शाळा चेष्टा करायची. तुम्ही पहिल्या बाकाकडे बघायचात आणि बोलणी दुसऱ्या बाकाला बसायची. ज्याच्याकडे बघताय तो घाबरायचा आणि ज्याला बोलताय तो निवांत असायचा. मीही नक्कल करून दाखवायची, माझी नक्कल चांगली व्हायची म्हणे.

पावसाळ्यात मायक्रोस्कोप तुमच्या घरी राहायला जायचा. आपल्याकडच्या पावसात भिंगावर बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी, आणि एकदा धरली की काचेला खाते. तुमच्या स्वयंपाकघरातलं फडताळ चुलीच्या भिंतीला लागून होतं, त्यात तुम्ही एक लहानसा दिवा सतत जळत ठेवायचात. मसाल्याचे डबे वरच्या फळीवर, मायक्रोस्कोप खालच्या. शेजारच्या काकू म्हणायच्या, "बाईंची लेक आली माहेरपणाला." एकदा मी काहीतरी विचारायला आले तर तुम्ही ओट्याशी उभ्या राहून कव्हर काढून भिंगं पुसत होतात. आधी मऊ कुंचल्याने झटकलंत, मग काचेवर हाः करून श्वास सोडलात, मग अशाच फडक्याने मधून बाहेर गोल गोल. डोळे खिडकीबाहेर, फणसाकडे, आणि बोटं काचेवर. मी म्हटलं, बाई, न बघताच पुसता? तुम्ही हसलात. "बोटांना कळतं गं. भात कालवताना बघतेस का तू?" आणि मला ओट्यावर बसवून गूळपोहे दिलेत. तुमचे वडील पडवीत आरामखुर्चीत झोपले होते, त्यांच्या घोरण्याचा आवाज येत होता. मी त्या दिवशी किती सुखात होते ते आता कळतं.

आणि ती खंडेनवमी. मी नववीत. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारांची पूजा, तशी आपल्या प्रयोगशाळेत मायक्रोस्कोपची. तुमची पद्धत ठरलेली होती. तळाच्या लोखंडावर ओल्या गंधाचं एक बोट आणि समोर बशीत एक झेंडू. हळदकुंकू नाही, अक्षता नाहीत, उदबत्ती खिडकीबाहेर. हे कोरडं कोरडं बघून मला आणि माझ्या मैत्रिणीला मायक्रोस्कोपची फार दया आली. घरी तर बाबांच्या सायकलीलासुद्धा आम्ही नटवायचो. म्हणून तुम्ही यायच्या आधी आम्ही जाऊन त्याला भरभरून हळदकुंकू वाहिलं. नळीवर, फोकसच्या चाकांवर, भिंगांच्या चकतीवर, जिथे म्हणून जागा होती तिथे. लालभडक झाला होता. मग तुम्ही आलात. आम्ही कौतुकाची वाट बघत उभ्या. तुम्ही टेबलाशी आलात, मायक्रोस्कोपकडे तोंड करून उभ्या राहिलात, गंधाची वाटी शेजारी ठेवलीत आणि काहीच बोलला नाहीत. मला वाटलं, आवडलं. मग तुम्ही सवयीने मोठं चाक फिरवायला हात घातलात आणि तुमचा चेहराच बदलला. "हे काय किरकिरतंय? कुणी काय घातलंय यात?" पाचावर धारण बसली आमची. कुंकू, बाई. "कुंकू? अगं, कुंकू लावलंस तर मंगळसूत्र का बाकी ठेवलंस? तेही घाल!" सगळा वर्ग हसला, मी रडले. मग पूर्ण दुपार तुम्ही आम्हा दोघींना घेऊन बसलात, चाकाच्या दात्यांतून कण न् कण कुंचल्याने काढायला लावलात, मध्येच चाक फिरवून म्हणायचात, "अजून आहे." आम्हाला काही दिसायचं नाही, पण असायचं. शेवटी चाक लोण्यासारखं फिरलं तेव्हा तुम्ही माझ्या डोक्यावर टपली मारलीत. दोन बोटं कानावर लागली ती टपली.

या सगळ्या आठवणी माझ्याकडे इतकी वर्षं होत्या, बाई, आणि त्यांचा अर्थ एकच होता, की आमच्या बाई फार कडक आणि फार चांगल्या होत्या. मागच्या दिवाळीपर्यंत.

इथल्या महाराष्ट्र मंडळाचा फराळाचा कार्यक्रम होता, एका शाळेचं कॅफेटेरिया भाड्याने घेऊन. तिथे नागपूरकडचे एक काका येतात, डोळ्यांचे मोठे डॉक्टर होते, आता निवृत्त. यांनी त्यांच्या कानावर माझं घातलं असावं. चिवड्याची प्लेट घेऊन माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "अगं, घाबरतेस काय? आंधळी होणार नाहीस. कडेची नजर जात नसते. फक्त मधलं जातं." फक्त मधलं! मला इतका राग आला की प्लेट त्यांच्या डोक्यावर पालथी घालावीशी वाटली. सगळं जग मधेच असतं, काका, मी म्हटलं. माणसाचा चेहरासुद्धा. ते म्हणाले, "बरं, माझ्या चेहऱ्याकडे बघू नको. कानाकडे बघ. अजून जरा पलीकडे. आता?" आणि बाई, काकांचा चेहरा दिसला. फार स्पष्ट नाही, पण दिसला. पांढऱ्या मिशा, मिशीत शेवेचा तुकडा. "दिसला ना म्हातारा? असंच बघायचं आता. लोक म्हणतील बाई भलतीकडेच बघते. म्हणू दे." मी त्यांच्या कानापलीकडे बघत उभी राहिले आणि तिथे, त्या चकलीच्या आणि अत्तराच्या वासात, मला तुम्ही दिसलात. माझ्या खांद्यापलीकडे बघणाऱ्या. पहिल्या बाकाकडे बघून दुसऱ्या बाकाला ओरडणाऱ्या.

तेव्हापासून मी एकेक आठवण काढून तपासतेय. लालभडक मायक्रोस्कोपसमोर उभ्या राहून तुम्ही काहीच का बोलला नाहीत? आमच्या नळीत कधीच का वाकला नाहीत? टक् ऐका, किरकिर ओळखा, बोटांना कळतं, बोलून सांग. सगळं कानाचं आणि हाताचं, आणि यंत्र काय, तर बघायचं. कदाचित मीच माझं दुखणं तुमच्या डोळ्यांत घालतेय. तुम्ही तेव्हा काही म्हाताऱ्या नव्हतात, चाळिशीच्या आतबाहेर असाल. कदाचित तुम्हाला छान दिसत होतं, आणि तुम्ही नुसत्या चांगल्या शिक्षिका होतात. कुणाला विचारू? तुमच्या घरातलं कुणी उरलं नाही. मैत्रिणीला फोन केला तर ती म्हणाली, "काहीतरीच काय गं, बाईंना सगळं दिसायचं, मागच्या बाकावर आवळा खाल्लेला दिसायचा." दिसायचा, की वास यायचा?

पण एक गोष्ट मी तिलाही सांगितली नाही. तुम्हाला शेवटची भेटले तेव्हाची. तुम्ही निवृत्त झाला होतात, शाळेत नवे मायक्रोस्कोप आले होते आणि जुना तुम्हाला निरोपात दिला होता. तो तुमच्या खोलीत खिडकीशी, जुन्या परकराच्या कापडाचं कव्हर घालून. मी इथून तुमच्यासाठी तयार काचपट्ट्यांची पेटी आणली होती. रंगवलेले छेद, देठाचे, मुळाचे, फुलपाखराच्या पंखाचे. तुम्ही पेटीवरून हात फिरवलात, एक काचपट्टी उचललीत, कडांना धरून, मंचावर बसवलीत, चकती फिरवलीत, टक् झालं, वाकून डोळा लावलात. दुसरा उघडाच. बराच वेळ बघितलंत. मग म्हणालात, "सुरेख. रंग काय आलाय गं!" मला इतका आनंद झाला. तुम्ही चहा टाकायला आत गेलात आणि मी नळीला डोळा लावला. आत अंधार होता. आरसा भिंतीकडे होता, बाई. मला वाटलं, उठताना तुमचा धक्का लागला असेल. मी आरसा खिडकीकडे फिरवला, तो बिजागरीत कुरकुरला, आणि आतून तुमचा आवाज आला, "आरशाला तेल घालायला हवं, नाही?" मी म्हटलं, हो, घालते. घातलंही, शिवणयंत्राच्या तेलाचं एक बोट. मग आपण चहा प्यायलो आणि लेकीच्या दातांबद्दल बोललो. तुम्ही वाट बघत होतात का, बाई, मी काही विचारते का याची? की मी विचारलं नाही म्हणून सुटल्यासारखं वाटलं? त्यानंतर दोन पावसाळ्यांत तुम्ही गेलात. मला कळवायलाही उशीर झाला सगळ्यांना.

आता परवाचं. परवा शुक्रवारी कांद्याचा पापुद्रा होता. मी बाकांमधून फिरत होते, तुमच्याच पद्धतीने, बोल, काय दिसतंय, टेल मी व्हॉट यू सी. त्यात मला बरं चालवता येतं. मुलं इंग्रजीत सांगतात, विटा, ठिपके, कुणी म्हणतं पार्किंग लॉट, आणि मी प्रश्न विचारते. जांभळे केस रंगवलेली एक मुलगी आहे, तोंडाळ, पण हुशार. तिने हाक मारली, "मिस, इज धिस राइट?" आणि काय झालं कुणास ठाऊक, मला राहवलं नाही. इतक्या दिवसांत नळीला डोळा लावला नव्हता. मी वाकले. लख्ख उजेडाचं गोल वर्तुळ आणि मधोमध तो माझा राखाडी डाग. डागाच्या कडेने बघायचा प्रयत्न केला, उजेडच होता. मी मान वर केली आणि म्हटलं, "ब्यूटिफुल. परफेक्ट फोकस."

ती म्हणाली, "मिस, देअर्स नो स्लाइड ऑन इट."

तिने अजून काचपट्टी ठेवलीच नव्हती. भिंग बरोबर लावलंय का, एवढंच तिला विचारायचं होतं. आजूबाजूच्या चार पोरांनी नळीवरून डोकी वर काढली. आणि माझ्या तोंडून पटकन निघालं, "गुड. आय वॉज चेकिंग इफ यू वेअर पेइंग अटेन्शन." पोरं हसली. ती मुलगी हसली नाही. तिचा चेहरा कसा झाला ते मला कळलं नाही, चेहरा मधेच असतो ना. मी तिच्या कानाकडे बघायला मान वळवली तोवर ती खाली वाकून काचपट्टी लावायला लागली होती. उरलेला तास मी कपाटाशी उभं राहून कव्हरं नीट करत काढला.

मंगळवारी प्रिन्सिपलबाईंनी बोलावलंय. पुढच्या वर्षी लॅब कुणाकडे द्यायची ते ठरवायचंय, मी हो म्हणेन असं त्या धरूनच चालल्यात. सांगितलं तर कॅमेरा येईल, मदतनीस येईल, सगळे फार चांगले वागतील, आणि हळूहळू मला खुर्चीत बसवतील. नाही सांगितलं तर रोज एक काचपट्टी नसलेला मायक्रोस्कोप माझी वाट बघत असेल. मी रोज वेगळं ठरवते आणि सकाळी फ्रिजसमोर उभी राहिले की ते विरून जातं. मला भीती वाटते, बाई. अंधाराची कमी, कपाटाची किल्ली द्यावी लागेल त्याची जास्त. तुम्ही निवृत्तीपर्यंत निभावलंत. कुणाला कळलं नाही, आणि आम्ही सगळे बघायला शिकलो, कदाचित म्हणूनच शिकलो. या विचाराने मला धीर यायला हवा होता. येत नाही. मला एवढंच विचारायचं होतं, की तुम्ही आम्हाला शिकवत होतात की आमच्यापासून लपवत होतात, आणि दोन्ही असेल तर रात्री झोप लागायची का? हे मी त्या खोलीत, चहा पिताना, विचारू शकले असते. उत्तर मिळालं असतं की टपली, कोण जाणे.

फडकं वाळलंय. हाताला तरी तसंच लागतंय. आज रविवार, हे वाणसामान आणायला गेलेत, मी खिडकीशी बसून जाड काळ्या मार्करने लिहितेय, एकेका ओळीत जेमतेम तीन-चार शब्द, त्यामुळे कागदांचा ढीग झालाय. गाडीचा आवाज आला की गोळा करेन आणि फडक्याबरोबर शाळेच्या पिशवीत, तळाशी, ठेवून देईन. लेकीच्या हाती लागलं तर काळजी नाही, तिला मराठी वाचता येत नाही. यांना येतं, म्हणून तर लपवायचं. आणि बाई, कुठे चुकलं असेल तर ओळखून घ्या. मी पहिल्या कागदापासून वाचून बघायला गेले होते, मला वाचता येत नाहीये.